भावाभावांचे शोकगीत आणि इतर नवे गीतसंग्रह

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी हल्ली असे एखादे लेकरू असतेच, की जे कानांत यंत्र अडकवून मान डोलवीत बसते आणि काय ऐकतोस म्हणून विचारले असता ‘हिप-हॉप’ एवढेच सांगून मोकळे होते. वडील माणसे कपाळाला आठी घालतात व विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये असे आम्हांस वाटते, म्हणून गेल्या काही वर्षांत निघालेल्या अशा चार-पाच गीतसंग्रहांविषयी आमचे बरेवाईट मत या सदरात नोंदवीत आहो. आम्ही संगीतशास्त्री नव्हे. ऐकणारे आहो, आणि शब्दांकडे जरा अधिक लक्ष देणारे आहो.

प्रथम या संगीताच्या कुळाविषयी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या देवालयांत जी स्तोत्रे गाइली जात, त्यांच्याच कुशीतून ‘सोल’ म्हणजे आत्मा या नावाचे गायन १९५० नंतरच्या दशकात जन्मास आले. रे चार्ल्स या अंध गायकाने स्तोत्रांच्या धर्तीवर संसारी प्रेमाचे शब्द बसविले, तेव्हा देवालयांतील कित्येक मंडळी संतापली. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी नेमके उलट केले होते. १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणासाठी त्यांनी लोकांच्या ओठांवरची ओवी उचलली व तीत पवित्र कथा भरली. हिप-हॉप हे त्या मानाने धाकटे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका बहीणभावांनी नाचगाण्याचा एक मेळावा भरविला, तेथून त्याचा जन्म धरतात. त्यात तबकड्या वाजविणारा भाऊ कूल हर्क या नावाने प्रसिद्धीस आला. तालावर शब्दांचा भडिमार हा या गाण्याचा प्राण. सुराचे स्थान दुय्यम. पोवाडा ऐकलेल्यास ते समजावयास अवघड जाऊ नये. फरक इतकाच, की शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो आणि ही मंडळी बहुधा स्वतःचाच सांगतात. हे आम्हांस खटकते, व पुढेही खटकत राहील.

या खेपेस आमचा सर्वांत अधिक वेळ ज्या संग्रहाने घेतला, तो जुलै २०२५ मध्ये निघालेला क्लिप्स या जोडीचा ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ हा होय. ही जोडी म्हणजे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील थॉर्नटन आडनावाचे दोन सख्खे भाऊ. थोरला मॅलिस व धाकटा पुशा टी या नावांनी ओळखला जातो. यांच्या गीतांचा विषय वर्षानुवर्षे एकच होता, तो म्हणजे कोकेनचा धंदा; आणि तो त्यांनी अशा काही कसबाने मांडला, की ती भुकटी ज्या घरात शिरते त्या घराचे काय होते याचा ऐकणाऱ्यास विसर पडावा. पुढे २००९ साली त्यांचा एके काळचा व्यवस्थापक अमली पदार्थांच्या खटल्यात सापडला व त्यास दीर्घ कारावास झाला. थोरल्याच्या मनाने उचल खाल्ली. त्याने जोडी सोडली, आपल्या परिवर्तनाविषयी पुस्तक लिहिले आणि मॅलिस म्हणजे दुष्टावा या आपल्या नावामागे एक नकार जोडून घेतला. धाकटा आपल्या वाटेने एकटा गात राहिला. दोघांचा संपूर्ण संग्रह पुन्हा निघावयास १६ वर्षे जावी लागली. मधल्या काळात त्यांची आई आणि वडील, काही महिन्यांच्या अंतराने, दोघेही गेले.

संग्रहाचे पहिलेच गीत या दोन मृत्यूंवर आहे. धाकटा आईशी बोलतो. ती निरोपाचे बोलत होती आणि आपल्याला ते उमगले नाही, ही त्याची टोचणी. मग थोरला वडिलांशी बोलतो. दाराशी गाडी उभी आहे, म्हणजे वडील घरात आहेत. पुन्हा पुन्हा दार ठोठावूनही आतून उत्तर येत नाही, आणि मुलाला कळून चुकते. मागून जॉन लेजंड यांचा स्वर आणि व्हॉइसेस ऑफ फायर हा स्तोत्रगायकांचा वृंद साथ करतो. ज्यांनी संपूर्ण संग्रहाचे संगीत बांधले त्या फॅरेल विल्यम्स यांच्या धर्मोपदेशक काकांनी हा वृंद उभारला आहे. घरात असा प्रसंग येऊन गेलेल्या वाचकांनी हे गीत जरा बेतानेच ऐकावे, असे आम्ही सांगू.

पुढची गीते ऐकताना मात्र मन दुभंगते. पुन्हा तीच भुकटी, तीच मोटारगाड्यांची व घड्याळांची मिजास, प्रतिस्पर्ध्यांची हेटाळणी आणि ओठांवर आणू नयेत असे शब्द. थोरल्याने आपल्या नावातील तो नकारही पुसून टाकला आहे. ज्या बाजारातून माणूस पश्चात्तापाने उठून गेला, तेथे त्याने परत दुकान का मांडावे? शोकगीतातच तो सांगतो, की पुन्हा गावे काय असे आपण वडिलांना विचारले व त्यांनी आशीर्वाद दिला. आम्हांस हे उत्तर अर्धेच पटते. त्याच्या कडव्यांत किंमत मोजलेल्या माणसाचा जडपणा आहे, हे आम्ही मान्य करतो. धाकट्याच्या कडव्यांत तो क्वचितच लागतो. तेथे कारागिरी अव्वल आणि बढाई त्याहून अव्वल.

या संग्रहाच्या नावाचीही एक कथा आहे. ‘सर्वांस मारा, निवाडा देव करील’ अशा अर्थाची ती म्हण आहे, आणि तिचा उगम १२०९ साली फ्रान्समधील बेझिए नगरात झालेल्या कत्तलीपर्यंत नेतात. पाखंडी कोण व श्रद्धावंत कोण हे ओळखावे कसे, असे सैनिकांनी विचारता पोपच्या प्रतिनिधीने असे उत्तर दिले, अशी ती आख्यायिका. ते शब्द खरोखर उच्चारले गेले काय, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. आणि दैवगती अशी, की १३ सप्टेंबर २०२५ रोजी रोम येथे सेंट पीटर चौकात ‘ग्रेस फॉर द वर्ल्ड’ या नावाचा जो भव्य जलसा झाला, त्यात याच संग्रहातील ते आईवडिलांचे गीत या दोन भावांनी गाइले. काही श्रद्धावंतांच्या भुवया वर गेल्या असतील. आमच्या गेल्या नाहीत. आईबापांसाठी शोक करणाऱ्या मुलांना त्या चौकात जागा नसावी, असे आम्हांस वाटत नाही.

केंड्रिक लमार यांच्या ‘जीएनएक्स’विषयी थोडक्यात. कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन नगरीच्या या गायकाला २०१८ साली ‘डॅम’ या संग्रहासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय व जॅझ संगीताच्या बाहेर ते प्रथमच गेले. पूर्वसूचनेवाचून २२ नोव्हेंबर २०२४ रोजी निघालेल्या नव्या संग्रहात ‘रीइन्कार्नेटेड’ नावाचे एक गीत आहे. त्यात गायक आपले मागले जन्म वर्णितो आणि अखेर परमेश्वराशी त्याचा संवाद होतो. स्वर्गातील संगीताचा अधिपती लुसिफर गर्वाने कसा पतन पावला, ती ओळखीची कथा तेथे येते. असले गीत लिहिणाऱ्याचे दुसऱ्या एका गायकाशी झालेले भांडणच जगाने अधिक चघळले. त्या भांडणाच्या गीताला फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीची पाच पारितोषिके मिळाली. त्या गीताचा ठेका फक्कड आहे, एवढेच आम्ही म्हणू.

मुलांचे यंत्र हाती घेऊन तपासणाऱ्या मातापित्यांस एक खूण सांगून ठेवतो. अमेरिकेत १९८५ साली काही मातांनी अशा शब्दांविरुद्ध आवाज उठविला, तेव्हापासून तबकड्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी लावण्याची प्रथा पडली. आज भ्रमणध्वनीवर गीताच्या नावापाशी इंग्रजी वर्णमालेतील पाचवे अक्षर, ‘ई’, लहानशा चौकटीत दिसते. ती तीच चिठ्ठी. पुष्कळ संग्रहांची शब्द गाळलेली आवृत्तीही मिळते. वर सांगितलेले दोन्ही संग्रह चौकटीचे आहेत. थोरल्या मुलांबरोबर बसून त्यांतील एखाददुसरे गीत ऐकावे आणि त्यावर बोलावे. बारा वर्षांच्या मुलाच्या कानांत मात्र ते एकटे सोडू नयेत.

‘सोल’च्या अंगणात आले म्हणजे श्वास मोकळा होतो. टेक्सासच्या लिऑन ब्रिजेस यांचा ‘लिऑन’ (२०२४) आपल्या गावच्या आठवणींत रमलेला आहे. गोड आहे, थोडा अधिकच गोड. त्याहून आमच्या मनात अधिक रेंगाळतो तो मायकल किवानुका यांचा ‘स्मॉल चेंजेस’. त्यांचे आईवडील युगांडातून इदी अमीनच्या राजवटीतून निसटून लंडनला आले. २०२० साली मर्क्युरी पारितोषिक मिळाल्यावर पुढचा संग्रह काढावयास त्यांनी घाई केली नाही, आणि तो आला तो अगदी हलक्या पावलांनी. योगायोग असा, की ‘जीएनएक्स’ निघाला त्याच दिवशी तोही निघाला. त्या दिवशीच्या गोंगाटात तो कितीजणांनी ऐकला असेल?

लंडनच्याच क्लिओ सोल या गायिकेचा ‘मदर’ (२०२१) तसा जुना झाला. तरी त्याचा उल्लेख टाळवत नाही. पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर तिने तो केला व मुखपृष्ठावर तान्ह्यासह आपलेच चित्र दिले. काही गीते बाळासाठी आहेत. परंतु स्वतः आई झालेली मुलगी आपल्या आईकडे नव्याने पाहते, थोडी तक्रार करते व मग समजून घेते, ती गीते आम्हांस अधिक भावली. आवाज अगदी खालच्या पट्टीत, साथीला पियानो आणि मागे हळू गाणारा वृंद. हा संग्रह सायंकाळच्या प्रार्थनेनंतर, स्वयंपाक चालू असता, मोठ्याने लावता येतो.