शाळेच्या वर्गातले हळदीकुंकू

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत शाळांतून माता-पालक मेळावे भरतात आणि त्याला जोडून हळदीकुंकू होते. पुढाकार पालकांचा, वर्गणी पालकांची, जागा मात्र शाळेची. अळणावर परिसरातल्या आपल्या मराठी पालकांशी मला त्या जागेबद्दलच बोलायचे आहे.

अशा एका मेळाव्यात चौथीच्या वर्गात सतरंज्या घातल्या होत्या. एक ताई कोयरी घेऊन रांगेने कुंकू लावत चालल्या होत्या, मागून दुसऱ्या स्टीलच्या वाट्यांचे वाण देत होत्या. भिंतीकडेला एक तरुण आई बसली होती. कोयरी तिच्यापाशी आली आणि न थांबता शेजारणीकडे गेली. कुणी वावगा शब्द बोलले नाही. त्या बाईने आधीच पदर सावरून मान खाली घातली होती. तिला ठाऊकच होते. तिची मुलगी तिळगुळाचा डबा धरून दारात उभी होती. तिने सगळे पाहिले. बाप गेला यात तिचा दोष नव्हता आणि आईचाही नव्हता. तरी दोघींना शिक्षा झाली, तीही फळ्यासमोर, जिथे तिला सगळे सारखे असे शिकवले जाते.

याबद्दल विचारले तर उत्तर ठरलेले असते: "एकीसाठी सगळ्या बायकांचा हिरमोड कशाला?"

हे उत्तर आपल्या धारवाड जिल्ह्याने पूर्वीही ऐकले आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारने कबूल केले. पण एका मुलासाठी बाकीच्यांना त्याच्यासोबत बसायला लावले तर शाळाच निकामी होईल, म्हणून त्याला परत पाठवले. पुढे १८५८ मध्ये लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी कळवले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे हेच धारवाडचे प्रकरण मांडले होते. न्याय कळत होता, तरी बहुसंख्यांची नाराजी नको म्हणून एकाला बाहेर ठेवले. आज आपण त्या विधवा आईशी नेमके तेच करतो. तेव्हा निदान सरकारला ठराव लिहावा लागला होता; आपल्याला तेवढाही संकोच वाटत नाही.

आणि वगळली जाते ती केवळ विधवा नाही. 'आपल्यातल्या' बायकांना घरी जाऊन आमंत्रण, मुसलमान किंवा दलित वस्तीतल्या आईला मुलाच्या हाती चिठ्ठी. मेळावा दुपारी तीनला, म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई येणारच नाही. आली तर रोजगार बुडवून. वर्गणी न दिलेल्यांची नावे वर्गात वाचून दाखवायची. प्रत्येक गोष्ट छोटी, आणि प्रत्येकीचा वळ पोराच्या मनावर.

प्रथा मोडता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडकडे पाहावे. सीमेलगतचे साधे शेतकरी गाव. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी केला. अवघ्या दोन आठवड्यांत महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून हा आदर्श इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. जे एका ग्रामपंचायतीला जमले, ते आपल्या शाळा सुधारणा समितीला जमू नये? समितीत बसतात ते पालकच ना?

माझे म्हणणे स्पष्ट आहे. मेळाव्याचे आमंत्रण हजेरीपटावरून जावे, ओळखीपाळखीवरून नव्हे. वेळ कामकरी बाईला सोयीची असावी. वर्गणी ऐच्छिक असावी आणि कुणी किती दिले ते कुणाला कळू नये. कुंकू ज्या बाईला हवे तिला सन्मानाने लावावे, मग ती विधवा असो वा सवाष्ण. नको असेल तिला तिळगूळ आणि वाण तरी मिळालेच पाहिजे. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी हळदीकुंकू आपल्या घरी करावे. मुख्याध्यापकांनी त्यासाठी वर्गाची किल्ली देऊ नये.