गरुडातली जोडी

मंडळी, लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवायची रीत आम्ही इकडेही पाळतो, मग दुपारी हॉलच्या छताकडे बोट दाखवावं लागलं तरी बेहत्तर! वसिष्ठ-अरुंधती ही डोळ्यांना दिसणारी जोडी. या अंकात मात्र ओळख एका न दिसणाऱ्या जोडीची. तिचा पत्ता फार लांबचा, पण तिचे शोधकर्ते आम्हा वेस्ट विंडसरकरांच्या शेजारचे.

१९७४ साली रसेल हल्स हा विद्यार्थी, गुरू जोसेफ टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली, पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या दुर्बिणीने पल्सार शोधत होता. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नियमित येतात. गरुड तारकासमूहात सेकंदाला १७ ठोके देणारा एक पल्सार सापडला खरा, पण त्याचे ठोके कधी घाईने येत, कधी रेंगाळत. प्रिन्स्टन जंक्शनवर न थांबणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो ना, तसाच प्रकार. म्हणजे हा तारा कुणाभोवती तरी फिरत होता!

जोडीदारही न्यूट्रॉन ताराच निघाला. प्रत्येकाचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट आणि एक फेरी अवघ्या पावणेआठ तासांची. कक्षा चांगलीच लांबट: जवळ येतात तेव्हा अंतर सुमारे साडेसात लाख किलोमीटर, दूर जातात तेव्हा साडेएकतीस लाख. आइन्स्टाइनच्या गणितानुसार बुधाची कक्षा शंभर वर्षांत जेवढी वळते, जवळजवळ तेवढी यांची एका दिवसात वळते.

खरी कसोटी पुढेच होती. अशा जोडीतून गुरुत्वीय लहरी निघतात, ऊर्जा घटते आणि तारे जवळ येतात, असं हे गणित सांगत होतं. पुरावा मात्र नव्हता. आइन्स्टाइन १९५५ साली प्रिन्स्टनमध्येच वारले, तो न पाहता. टेलर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ठोके मोजले. फेरीचा वेळ दर वर्षी सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे ७६ भागांनी घटत होता, अगदी गणितात होता तसा! १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं. तेव्हा टेलर प्रिन्स्टन विद्यापीठात होते, तर हल्स इथल्याच प्लेन्सबरोच्या प्लाझ्मा फिजिक्स प्रयोगशाळेत.

पुढे २०१५ साली अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या लहरी प्रत्यक्ष टिपल्या. तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायला २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली.

‘दिसत नाही ते खरं कशावरून?’ असं मुलांनी विचारलं, तर हा चोख हिशेब त्यांना जरूर सांगा. उन्हाळ्यात संध्याकाळी श्रवणाचा तारा दाखवा. ही जोडी त्याच तारकासमूहात आहे. दोघं एकमेकांत विलीन व्हायला अजून सुमारे ३० कोटी वर्षं आहेत, तेव्हा सवडीने दाखवलंत तरी चालेल!