चार चमच्यांचं जेवण

गेल्या शनिवारी मुरबाडला घरी गेलो होतो. दादाची वजन कमी करायची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झालेत. जठराचा जेमतेम पाचवा भाग शिल्लक, त्यामुळे सध्या सगळं मिक्सरमधून काढून. आईने वाटीभर भाताची पेज पुढे केली. चार चमच्यांत दादा थांबला. आई रडवेली, "एवढ्याशावर माणूस जगतो होय?"

आमच्याकडे आजारी माणसाला पेज, हे ठरलेलं. मलाही आवडते. पण इथे ती चुकते, असं माझं स्पष्ट मत आहे. पोटात जागाच चार चमच्यांची, ती तांदळाच्या पाण्याने का भरायची? दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. डॉक्टरांनी दिलेली पावडर चालू द्या, पण बाकीचं घरातच आहे की! मुगाचं घट्ट वरण, दही, वाटलेलं अंडं, पनीर. आधी ते, मग जागा उरली तर पेज. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने.

आणि "तोंडावर ताबा ठेवला असता तर" म्हणणारे शेजारी? २०११ साली नितीन गडकरींनीही अशी शस्त्रक्रिया करून घेतली, पेपरात छापून आलं. मग आमच्या दादाने लपवायचं कशाला?

असो. रविवारी आईने स्वतःहून मुगाचं वरण घोटलं, हिंग घालून. दादाने पाच चमचे खाल्ले. आई मोजत होती.