चेहऱ्यांचा बाजार

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर हे गाव पांढरकवड्याच्या अगदी जवळ आहे. तालुक्याला नाव केळापूरचे आणि कचेऱ्या मात्र पांढरकवड्यात, असा तिथला प्रकार. केळापूरला जगदंबेचे जुने देवस्थान आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते आणि सीमेपलीकडील तेलंगणातूनही भाविक येतात. आपल्या मुलखातील अशा यात्रांतून एके काळी फोटोवाल्याची राहुटी हमखास असे. मागे रंगविलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर विमान, पुढे एक खुर्ची. नवरा खुर्चीवर बसे, बायको डोक्यावरचा पदर सावरून बाजूला उभी राही, पोराच्या हाती कागदी फुले दिली जात. पैसे मोजले जात आणि फोटो घरच्या भिंतीवर जाई. त्या व्यवहारात चेहरा ज्याचा, त्याचाच पैसा आणि त्याचेच चित्र. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही हा सरळ हिशेब मान्य केला आहे. मोबदला देऊन जो आपला फोटो काढवून घेतो, तोच, वेगळा करार नसेल तर, त्या चित्राचा पहिला मालक ठरतो.

आज हा हिशेब उलटा झाला आहे. कॅमेरेवाला विचारीत नाही आणि पैसेही मागत नाही. चेहरा यात्रेकरूचा, बटन कॅमेरेवाल्याचे, आणि चित्र विकत घेणारा दूरच्या शहरातला कोणी तिसराच. ज्याचा चेहरा विकला गेला त्याला एक प्रतही मिळत नाही. कशासाठी विकला गेला हे तर त्याला कधीच कळत नाही. या व्यापाराविरुद्ध आम्ही लिहीत आहोत.

केळापूरचे नाव आम्ही उगाच घेतलेले नाही. कापूस पिकविणाऱ्या या पट्ट्याचे चेहरे गेली वीस वर्षे देशात आणि देशाबाहेर विकले जात आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळ जिल्ह्याचे नाव सर्वतोमुखी झाले. जानेवारी 2006 मध्ये राज्य शासनाने मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरविली: तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. त्याच वर्षीच्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. शेजारच्या मारेगाव तालुक्यातील जळका गावच्या एका विधवेचे नाव 22 जुलै 2008 रोजी लोकसभेत उच्चारले गेले आणि कॅमेऱ्यांची रांग तिच्या दारापर्यंत पोचली. 16 फेब्रुवारी 2019 रोजी खुद्द पांढरकवड्यात महिला बचत गटांचा मेळावा झाला आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी त्याला आले. प्रत्येक प्रसंगी मंच वेगळा होता, पक्ष वेगळा होता. खाली बसलेल्या बायका मात्र त्याच होत्या आणि त्यांच्यावर रोखलेली भिंगेही तीच.

मदतीचा धनादेश जाहीर कार्यक्रमात देण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. नाव पुकारले जाते, बाई मंचावर चढते, पाहुणे धनादेशाचे एक टोक धरतात आणि दुसरे तिला धरायला लावतात. मग कॅमेऱ्याकडे पाहा म्हणतात. त्या क्षणी ती बाई ‘नको’ कसे म्हणणार? ज्याच्या हातातून मदत घ्यायची त्याच्यासमोर नकार देण्याइतके बळ तिच्यात असते, तर ती मदतीला आलीच नसती. या अवस्थेतील मौनाला संमती म्हणणे, ही आमच्या मते शुद्ध लबाडी आहे.

आता बाजाराची रीत पाहा. छायाचित्रांची मोठमोठी जागतिक भांडारे आहेत. विदर्भ, शेतकरी, विधवा एवढे शब्द दिले की तिथे चेहरे ओळीने समोर येतात आणि पैसे भरून ते वापरण्याचा परवाना घेता येतो. या भांडारांचा एक नियम वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. चित्र साबणाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीसाठी विकायचे असेल, तर त्यातील माणसाचे लेखी संमतिपत्र लागते. धंद्यात त्याला ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. तेच चित्र बातमी, लेख किंवा पुस्तकासाठी विकायचे असेल, तर अशा संमतिपत्राची अट नाही. म्हणजे हसरा चेहरा विकायला परवानगी हवी आणि रडणारा चेहरा परवानगीवाचून विकता येतो. संमती ही काय चीज आहे हे या व्यापाऱ्यांना कळत नाही असे नाही. ती केव्हा महाग पडते आणि केव्हा टाळता येते, हे त्यांना नेमके कळते. आता तर यंत्रांना शिकविण्यासाठीही ही भांडारे चित्रे पुरवू लागली आहेत.

या धंद्याच्या बाजूने सर्वांत मोठ्याने केला जाणारा युक्तिवाद असा: माणूस सार्वजनिक ठिकाणी आला, दहा जणांनी त्याला पाहिले, मग अकराव्याने कॅमेऱ्यातून पाहिले तर काय बिघडले? बिघडते ते असे. यात्रेतल्या दहा जणांची नजर यात्रेबरोबर विरून जाते. त्या दहा जणांनाही कोणी पाहत असते, म्हणजे तिथे पाहण्याची फेड पाहण्यानेच होते. कॅमेऱ्यामागचा मनुष्य या फेडीत नसतो. तो क्षण उचलतो, त्याखाली आपल्या मर्जीचे शब्द लिहितो आणि तो हवा तितक्यांदा विकतो. देवीला आलेली बाई देवीला आलेली असते. तिने आपला चेहरा बाजारात मांडलेला नसतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. केवळ सार्वजनिक जागी आल्याने माणूस तो हक्क गमावत नाही, हेही त्या निकालपत्रात स्पष्ट केले आहे. पण केळापूरच्या बाईने तो निकाल हाती धरून कोणाच्या दारात जावे? कॉपीराइटचा कायदा स्वतःहून फोटो घेणाऱ्याला मालक मानतो आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर ही मालकी त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे चालते. चित्रातल्या चेहऱ्याला त्या मालकीत कवडीचाही वाटा नाही.

हा अन्याय फक्त आपल्याकडचा नाही. 1936 साली कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचे चित्र घेतले. अमेरिकेतील मंदीचे ते प्रतीक बनले. ती आई, फ्लॉरेन्स थॉम्प्सन, हिचे नाव जगाला 1978 साली कळले. आपल्याला त्या चित्रातून काहीच मिळाले नाही, असे तिने तेव्हा सांगितले. 1983 साली ती आजारी पडली तेव्हा मुलांना औषधोपचारासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला आणि त्याच वर्षी ती वारली. 1998 साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्या चित्राची एक प्रत 2,44,500 डॉलरला गेली. लँग या सरकारी कामावर होत्या आणि त्यांचा हेतू चांगला होता, हे आम्हाला मान्य आहे. हेतू इतका चांगला असूनही हिशेब असा निघतो, तर केवळ धंदा म्हणून येणाऱ्यांचा कसा निघेल?

उत्तर प्रयागराजच्या महाकुंभात मिळाले. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातून माळा विकायला आलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची चित्रे देशभर फिरली. कॅमेरेवाल्यांची तिच्याभोवती एवढी झुंबड उडाली की माळा विकणेच अशक्य झाले आणि तिला घरी परतावे लागले. तिचा चेहरा चालला, तिचा धंदा बुडाला. पुढच्याच महिन्यात, स्नान करणाऱ्या स्त्रियांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या आणि विक्रीला काढणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. पवित्र स्नानाला उतरलेल्या स्त्रीचे शरीरही ज्यांनी बाजारात नेले, त्यांचेही म्हणणे ‘घाट सार्वजनिक आहे’ याहून वेगळे काय असणार?

केळापूर तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमातींना केंद्र शासन विशेष दुर्बल आदिम जमाती मानते. पाहुण्यांच्या स्वागताला आदिवासींना नाचवायचे आणि त्यांची चित्रे काढायची, ही तर आपल्या समारंभांची शोभाच होऊन बसली आहे. अंदमानात 2012 साली जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून पर्यटकांपुढे नाचविल्याची चित्रफीत जगभर गाजली, तेव्हा कुठे तिथला कायदा कडक झाला आणि त्या जमातींची छायाचित्रे घेणे शिक्षेस पात्र ठरले. कोलामांना अशी ढाल नाही. तशी हवीच असेही आम्ही म्हणत नाही, कारण कोलाम कोणी संग्रहालयातील वस्तू नव्हेत. विचारून फोटो काढावा, एवढी साधी माणुसकी मात्र त्यांच्याही वाट्याला यायला हवी.

कोणी म्हणेल, मग दुःखाचे साक्षी कोण होणार? हा प्रश्न खरा आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी घेतलेली चित्रे नसती, तर त्या भुकेला पुष्कळांनी अफवाच मानले असते. 1984 मध्ये भोपाळमध्ये पुरल्या जाणाऱ्या बालकाचे चित्र नसते, तर ती विषारी रात्र एक आकडा होऊन राहिली असती. साक्षीदाराला आमचा विरोध नाही. पण साक्ष अन्यायाविरुद्ध द्यायची असते आणि ती एकदा दिली की काम झाले. वीस वर्षे भांडारात ठेवून, मागेल त्याला, मागेल त्या मजकुराखाली विकली जाते ती साक्ष नव्हे, तो माल आहे. पी. साईनाथ यांनी कष्टकरी स्त्रियांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले ते बसस्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांशी आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांतून. ज्यांचे जगणे चित्रात होते, त्यांच्यापुढेच ती चित्रे ठेवली गेली. हे करता येते, याचा हा पुरावा.

येथवर वाचून आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी सुस्कारा सोडला असेल की हा सारा दोष परक्यांचा. तसे नाही. आपल्या समाजातही वह्यावाटप होते, शिलाई यंत्रे दिली जातात, नाताळच्या आधी ब्लँकेटे वाटली जातात. त्या प्रत्येक ब्लँकेटमागे एक फोटो निघतो आणि तो देणगीदारांसाठी छापलेल्या अहवालात जातो. दानधर्म गुप्तपणे करावा, ही डोंगरावरील प्रवचनातील शिकवण आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र हात पसरलेली म्हातारी असते. ‘फोटो पाहिल्यावाचून पैसे येत नाहीत’ असे कार्यकर्ते सांगतात. येत नसतील. तर ज्यांना ब्लँकेट पुरे होत नाही, म्हातारीचा चेहराही लागतो, त्या देणगीदारांशी एकदा मोकळेपणाने बोलायला हवे.

प्रथम कम्युनियनच्या आणि सणाच्या दिवशी नेमलेला फोटोग्राफर सगळ्यांचे फोटो काढतो. पूर्वी ते चर्चबाहेरच्या फळ्यावर क्रमांक घालून लावले जात आणि हवा तो विकत घेता येई. आता ते फाइलींच्या रूपात विकले जातात. मुलांचे ते फोटो पुढे कोणाकडे राहतात, ते आणखी कोणाला दिले जातात का, हे किती धर्मग्राम मंडळांनी विचारले आहे? येत्या सणापूर्वी फोटोग्राफरशी बोलणी होतील, तेव्हा मानधनाच्या आकड्याखाली तीन वाक्ये लिहून घ्यावीत: कुटुंबाला विचारल्यावाचून एकही चित्र तिसऱ्याला विकायचे किंवा द्यायचे नाही; ज्याने ‘नको’ म्हटले त्याचे चित्र त्याच दिवशी पुसायचे; आणि मदतवाटपाच्या वेळी कॅमेरा दाराबाहेर ठेवायचा. जो फोटोग्राफर याला राजी होणार नाही, त्याला काम देऊ नये. चांगले फोटोग्राफर राजी होतील, याची आम्हाला खात्री आहे.