कुठे तुटेल ते दाखवा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे सरावाला जमलो होतो. एकाने मोबाइलवर नव्या ट्रायल्स फ्रेमचा फोटो दाखवला. युरोपातल्या एका छोट्या वर्कशॉपने बनवलेली. हँडलच्या मुळापासून एकच जाड नळी निघते, खाली उतरत थेट मागच्या चाकाकडे जाते आणि तिथे तिचे दोन फाटे होतात. खालची नळी नाही. सीटच्या नळीचा पत्ताच नाही. पेडलचा भाग त्या जाड नळीच्या पोटाला लटकवल्यासारखा.

आम्ही सहा जण होतो. मिनिटभरात सहा मतं तयार झाली. ‘नळ्या संपल्या होत्या वाटतं.’ ‘पहिल्या उडीत दोन तुकडे.’ ‘दांडी कुठाय? ही तर लेडीज सायकल!’ मी म्हणालो, ‘फालतू आहे,’ आणि फोन परत दिला.

हा लेख त्या सहाही मतांच्या विरोधात आहे. माझंही त्यात आलं.

ट्रायल्स म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी डॅनी मॅकॅस्किलचा २००९चा एडिंबरामधला व्हिडिओ नक्की पाहिलेला असेल. लोखंडी कुंपणाच्या वरच्या कडेवरून सायकल चालवणारा तो पोरगा. त्याची ती रस्त्यावरची शैली. स्पर्धेतलं ट्रायल्स त्याहून रुक्ष असतं: खडक, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे, आणि पाय न टेकता त्यावरून जायचं. पाय टेकला की दंड. वेग कुणी विचारत नाही. मागच्या एका चाकावर उभं राहून, ब्रेक घट्ट दाबून, उड्या मारत पुढे सरकायचं.

आता या खेळाची ‘नेहमीची’ सायकल बघा. तिला सीट नसते. वीस इंची सायकलचं मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान, १९ इंची, आणि टायर मात्र जाड. साध्या सायकलीत पेडलचा आस चाकांच्या आसांपेक्षा खाली असतो, इथे तो वर असतो. फ्रीव्हील मागे नसून पुढे, पेडलपाशी. रिमवर ग्राइंडर फिरवून ती मुद्दाम खरखरीत करतात, म्हणजे ब्रेकचं रबर पकडून राहतं. ही रिम घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलात तर तो आधी विचारेल, कुणी वाट लावली हिची? आणि असली सायकल घेऊन फिरणारे आम्ही सहा जण एका फ्रेमला विचित्र म्हणत होतो!

हा खेळ आला मोटारसायकलवरून. स्पेनमधल्या कातालोनियात माँटेसा कंपनीशी जोडलेला पेरे पी हा मोटारसायकलस्वार. त्याने आपल्या मुलासाठी लहान सायकल ट्रायल्सच्या कामाची करून घेतली. तो मुलगा, ओट पी, पुढे जगज्जेता झाला. म्हणजे या खेळाचं मूळच मुळी ‘ही सायकल अशी का नको?’ या प्रश्नात आहे.

आपला डोळा मात्र दांडीवर वाढलाय. आजोबांची काळी सायकल, दांडीवर बसवलेलं पोर, दुधाच्या किटल्या लटकवलेली डबल दांडीची सायकल. सायकल म्हटलं की दोन चाकांमधला तो चौकट आकार डोळ्यांपुढे येतो. १८८५च्या रोव्हर सायकलनंतर काही वर्षांत तो आकार पक्का झाला आणि टिकला, कारण तो खरंच उत्तम आहे. माणसाचं वजन तीन जागी पडतं: सीट, पेडल, हँडल. या तीन जागा कमीत कमी लोखंडात घट्ट जोडायच्या तर त्रिकोण लागतो. पण ज्या सायकलवर कुणी बसतच नाही, तिच्यात त्या त्रिकोणाचा एक कोपराच रिकामा झाला. मग उरलेल्या दोन जागा कशा जोडायच्या, हा प्रश्न नव्याने विचारायला हवा. त्या वर्कशॉपने तो विचारला. आम्ही हसलो.

एक जाड नळी ही कल्पना मुळात वेडगळ नाही. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी तीच ठेवली, तर वजन दुप्पट होतं, पण पिळाला होणारा विरोध आठपट होतो. म्हणजे ‘एकच नळी, म्हणून तुटणार’ हे मत तिथेच संपतं.

पण म्हणून फ्रेम चांगली ठरते का? नाही. फोटो नीट बघितला असता तर तीन प्रश्न आपोआप सुचले असते. पहिला, हँडलच्या जोडाचा. पुढचं चाक ठोकळ्यावर आदळतं तेव्हा तो जोड मागे वाकू पाहतो. नेहमीच्या फ्रेममध्ये वरची नळी आणि खालची नळी मिळून, एक दाबली जाऊन आणि एक ताणली जाऊन, तो धक्का वाटून घेतात. इथे सगळा एकाच जोडावर. दुसरा, पेडलच्या भागाचा. मागच्या चाकावरून उडी मारताना आपण पेडलला जी लाथ घालतो ती एका बाजूने असते. लटकवलेला भाग तिथे किती पिळणार? तिसरा, मागच्या फाट्यांचा. रिमवरचा हायड्रॉलिक ब्रेक दाबला की तो रिमला आत आणि फाट्यांना बाहेर ढकलतो. फाटे फाकले की ब्रेक बोथट. म्हणून तर बरेच जण त्यावर कमान बसवतात. या फ्रेममध्ये ती ताकद कुठून येणार?

हे तीन प्रश्न म्हणजे मत. बाकी सगळं तोंड वाकडं करणं.

तोंड वाकडं करण्याचे परिणाम किती लांब जातात, हे सायकलच्या इतिहासात लिहिलेलं आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोरने पॅरिसमध्ये पाठीवर रेलून चालवायच्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरच्या पुढे मजल मारली आणि १९१४पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलं की असली सायकल शर्यतीच्या सायकलींत धरायची नाही. १९९३मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने स्वतः बनवलेल्या सायकलवर ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. त्या सायकलला त्याने वॉशिंग मशीनचे बेअरिंग वापरले होते. हात छातीखाली दुमडून बसायची त्याची पद्धत पुढच्या वर्षी बाद झाली आणि जागतिक स्पर्धेत त्यालाही बाद केलं. रस्त्यावरच्या शर्यतींच्या नियमांत आजही फ्रेम पारंपरिक घडणीची, मुख्य त्रिकोणाभोवती बांधलेली हवी असं लिहिलंय. सुरक्षितता, सगळ्यांना समान संधी ही कारणं असतीलही. पण ‘सायकल कशी दिसावी’ हे आधी ठरलेलं असलं की कारणं मागून सापडतात.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला तितकेच नकोसे वाटतात. काही वेगळं दिसलं की ‘भारी! क्रांती!’ म्हणणारे. ओब्रीची सायकल विचित्र होती म्हणून ग्रेट ठरली नाही. घड्याळ लावून ठरली. ‘फालतू’ आणि ‘भारी’ ही एकाच आळसाची दोन नावं आहेत. दोन्हीत फ्रेमकडे कुणी बघितलेलंच नसतं.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय तेही सांगतो. माझी आधीची फ्रेम सेकंडहँड होती, ॲल्युमिनियमची, आणि दिसायला देखणी. सरळ रेषा, ओळखीचा आकार. ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, एक नंबर. मागच्या फाट्यावर, ब्रेकच्या जोडापाशी, एक काळी बारीक रेघ दिसायला लागली. मी दोन आठवडे ती मळ समजून फडक्याने पुसत होतो. पोलादाचं बरं असतं, ताण एका मर्यादेच्या आत असला तर ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक उडी त्याच्या हिशेबात जमा होते. एके दिवशी हिशेब पूर्ण झाला. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. देखण्या फ्रेमला कुणी विचारलंच नव्हतं की तू कुठे तुटशील. मीसुद्धा नाही.

कुणी म्हणेल, आमच्याकडे फोटोशिवाय आहे काय? आपल्याकडे ट्रायल्सच्या फ्रेम दुकानात मिळत नाहीत, बाहेरून मागवाव्या लागतात, चालवून बघायचा प्रश्नच नाही. खरं आहे. पण ज्याने चालवलेली नाही त्याने निकाल देऊ नये, प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारायला फोटो पुरतो. आणि हा खेळ एवढासा आहे. एवढ्याशा खेळात नवी फ्रेम काढणारा माणूस मोजक्या ऑर्डरींच्या भरवशावर साचे आणि नळ्या विकत घेतो. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. आपण हसून पुढे गेलो की ती फ्रेम वाईट होती का चांगली, हे कधीच कळत नाही. ती नुसतीच बनायची थांबते.

त्या रात्री मी वर्कशॉपला ते तीन प्रश्न लिहून पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं. हँडलच्या जोडापाशी नळीची भिंत आतून जाड केली आहे. पेडलचा भाग लटकवलेला दिसतो, पण तो नळीच्या आरपार जातो. फाट्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं होतं: अजून तपासतोय, समाधान झालेलं नाही.

पुढच्या रविवारी मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘पहिल्या उडीत दोन तुकडे’ म्हणणारा मित्र थोडा वेळ फोटो मोठा करून बघत राहिला. मग त्याने फाट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मग इथेच तुटणार.’

हे मत मला चालेल.