भुलीची वही

‘‘सिस्टर, भूल द्यायला शिकायचं असेल, तर वाचू काय?’’ रात्रपाळीत एका मुलीने मला विचारले तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मोखाड्याकडच्या पाड्यावरची मुलगी. जीएनएम झालेली, कंत्राटी नोकरीतली. प्रश्न साधा होता, पण उत्तर मला चटकन देता आले नाही.

शहरातल्या वाचकाला जव्हार ठाऊक आहे ते १९९२-९३ च्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. अडलेल्या बाळंतिणीची वाट मात्र माझ्या नोकरीच्या काळात तीच राहिली. टेबल तयार, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हजर आणि भूलतज्ज्ञ नाही! मग मोखाडा, तोरंगणचा घाट, त्र्यंबकेश्वर आणि नाशिक, असा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास. अशा एका रुग्णवाहिकेत मी बाईच्या पोटावर हात ठेवून बसले होते. घाट चढल्यावर बाळाचे ठोके मला सापडेनात. बाई वाचली, एवढेच.

म्हणून त्या मुलीला मी हसण्यावारी नेले नाही. म्हटले, औषधांच्या मात्रा पाठ करण्याआधी श्वास समज. रोग्याला तोंड उघडायला सांगून घशात काय दिसते यावरून नळी घालणे किती अवघड जाईल, याचा अंदाज बांधण्याची पद्धत आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. शेषगिरी मल्लमपट्टी यांनी १९८५ साली मांडली. ती शिकायला यंत्र लागत नाही. गरोदर बाईचा प्राणवायूचा साठा लवकर का संपतो, पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याची भीती तिलाच जास्त का, पाठीत भूल दिली की रक्तदाब का कोसळतो, हे स्वतःच्या शब्दांत वहीत लिही. आणि हनुवटी उचलून मास्क धरणे पुस्तकातून येत नाही. भूलतज्ज्ञ येतील त्या दिवशी परवानगी मागून त्यांच्या शेजारी उभी राहा.

पण या अभ्यासाच्या शेवटी परीक्षा कोणती? येथेच गाडी अडते. अमेरिकेत मेयो बंधूंकडच्या ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने १४ हजारांहून अधिक भुलींचा आढावा १९०६ साली छापला. आज तिथे परिचारिकेला अतिदक्षता विभागाचा किमान एक वर्षाचा अनुभव घेऊन या विषयात डॉक्टरेट करावी लागते. शेजारच्या नेपाळातही परिचारिकांना भूलसहायक म्हणून तयार करतात. आपल्याकडे परिचारिकांसाठी अतिदक्षता आणि शस्त्रक्रियागृह यांच्या एकेक वर्षाच्या पदविका आहेत, पण स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही.

डॉक्टरमंडळींचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. भूल बिघडली तर हाताशी मिनिटेच असतात. (‘भूल’ आणि ‘चूक’ यांना मराठीने एकच शब्द ठेवला, तो काही उगीच नाही.) घरी वाचून कोणी सिरिंज हातात घ्यावी, असे मी कधीच म्हणणार नाही. पण तातडीच्या बाळंतपणासाठी एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांत भूल शिकवण्याची योजना सरकारनेच आणली. ते डॉक्टर शिकतात आणि बदली होऊन जातात. पाड्यावरची सिस्टर राहते. अशा डॉक्टरच्या जोडीला, त्याच्याच देखरेखीखाली काम करणारी, वर्षभर मोठ्या रुग्णालयात शिकलेली सिस्टर का नको? आधी अभ्यासक्रम, परीक्षा आणि कायद्याचे संरक्षण, मग काम. हाच क्रम मला मान्य आहे, पण निदान सुरुवात तरी व्हावी.

परवा ती मुलगी वही घेऊन घरी आली. अक्षर सुरेख, आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून उताण्या बाईला उशी द्यावी, असे तिने लिहिले होते, पण डाव्या बाजूला. मी ते खोडून ‘उजव्या कमरेखाली’ असे केले. तिने कारण विचारले, तेव्हा चहा बाजूला ठेवून मी सतरंजीवर आडवी झाले आणि तिला उशी आणायला सांगितली.