धान गिरणीत, बियाणं घरी

आषाढी एकादशी झाली की आपल्या धंद्याला विसावा मिळतो. मुहूर्त थांबतात, मंडपवाले सामान आवरतात, आणि झाडीपट्टीत तर आपली सगळी पार्टी बांधीत उतरलेली असते, रोवणीला. अशाच एका पावसाळी दुपारी नागऱ्याला एका व्यवसायबंधूंच्या स्टुडिओत बसलो होतो. गोंदिया शहराजवळचं हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखलं जातं. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते आणि आसपासच्या फोटोग्राफरांना तो दिवस पुरत नाही. आता मात्र रस्त्यावर कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक बाई भिजलेली छत्री दाराशी ठेवून आत आल्या. "भाऊ, आमच्या मामाजींचा फोटो पाहिजे होता. रविवारी तेरवी आहे. मोठ्या दिराच्या लग्नात फेटा बांधून बसले होते, तोच बरा आहे त्यांचा."

लग्न 2019 मधलं. काम याच स्टुडिओनं केलेलं. व्यवसायबंधूंनी कॉम्प्युटर सुरू केला, लॉगिनचं पान उघडलं आणि थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "फोटो तं आहेत भाऊ. पण ओटीपी त्या पोराच्या मोबाईलवर जाऊन रायला."

तेव्हा दुकानात काम करणाऱ्या मुलानं स्वतःच्या नंबरवर खातं उघडून दिलं होतं. तो आता रायपूरला नोकरी करतो. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. दीड तासानं त्याचा उलटा फोन आला, त्यानं ओटीपी सांगितला, खातं उघडलं आणि फेटा बांधलेले मामाजी पडद्यावर दिसले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या मुलाचे उपकारच म्हणायचे. पण त्यानं नंबर बदलला असता तर? आपलं सात वर्षांचं काम त्या दीड तासात एका परगावच्या मोबाईलवर टांगलेलं होतं.

या अंकाचं संपादकीय त्या दीड तासासाठी आहे.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना निगेटिव्हची पाकिटं आठवत असतील. पाकिटावर नंबर, तोच नंबर वहीत, आणि वही गल्ल्याजवळ. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, त्या दिवसांतलं एखादं पाकीट कपाटात नीट राहिलं असेल तर आजही निगेटिव्ह काढा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा, माणूस ओळखू येतो. त्याला ना पासवर्ड लागतो, ना कुणाची परवानगी. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतलं काम मात्र कुठे आहे, हे आपल्यातल्या अनेकांना चटकन सांगता येणार नाही.

कारण ज्या जागी ते ठेवलं, त्या जागाच हलल्या. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. पिकासा आपल्या प्रत्येक दुकानात होतं, ते 2016 मध्ये बंद झालं. फ्लिकरनं 2013 मध्ये एक टीबी जागा फुकट दिली आणि 2018 मध्ये फुकटच्या खात्यावर एक हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. गुगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण 1 जून 2021 पासून थांबली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून 15 जीबी मिळतात, आणि ती जागा भरली की नवे मेल येणंही थांबतं. यातल्या बहुतेकांनी आधी सूचना दिली होती, फोटो उतरवून घ्यायला मुदतही दिली होती. ती सूचना ज्या मेलवर आली तो मेल आपण उघडत नव्हतो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचं गुगलचं धोरण डिसेंबर 2023 पासून लागू आहे, हेही ज्यांनी वर्षाला एक नवं खातं काढून जागा वाढवली त्यांनी लक्षात ठेवावं.

क्लाउडशी माझं वैर नाही. हार्डडिस्क हातातून पडली तेव्हा त्यानंच अनेकांची लाज राखली आहे. पण आपल्या भागातला शेतकरी धान गिरणीवर घालतो आणि पुढच्या हंगामाचं बियाणं मात्र घरच्या ढोलीत ठेवतो. गिरणीवर त्याचा विश्वास नसतो असं नाही. बियाणं दुसऱ्याच्या दारात ठेवायची वस्तू नव्हे, एवढंच त्याला माहीत असतं. फोटोग्राफरचं बियाणं म्हणजे त्याचे मूळ फोटो. ते घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हा आपल्या कामाचाच भाग आहे, अल्बम पार्टीच्या हातात देण्याइतकाच.

आता हे काम प्रत्यक्ष कसं करायचं ते पाहू, कारण खरी अडचण इथेच आहे.

आधी हिशेब. एका लग्नाच्या तीन हजार रॉ फ्रेम, प्रत्येकी 25 एमबी धरली तर 75 जीबी होतात. मोबाईलवर रोज दोन जीबीचा पॅक असेल तर एवढं उतरवायला 38 दिवस लागतील. 50 एमबीपीएसच्या फायबरवर तेच काम साडेतीन तासांच्या आत होतं. म्हणून गावात फायबर नसेल तर हार्डडिस्क घेऊन गोंदियातल्या एखाद्या मित्राच्या दुकानात एक रात्र बसा. चहाच्या खर्चात काम होईल.

गुगल फोटोजमधून एकेक फोटो निवडून उतरवू नका. टेकआउट नावाची सोय त्यासाठीच आहे. तिथे फक्त फोटोजवर खूण ठेवायची, बाकी सगळं काढून टाकायचं आणि मागणी नोंदवायची. तयारीला काही तास, कधी दिवसही लागतात, मग मेलवर लिंक येते. ती साधारण आठवडाभर चालते, म्हणून मागणी अशा वेळी करा की पुढचे सात दिवस तुम्ही जागेवर असाल. फाईल किती मोठ्या तुकड्यांत हवी हे विचारतात तेव्हा दोन जीबी निवडा. तुकडे जास्त होतील, पण वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा उतरवावा लागेल, पन्नास जीबी नव्हे. शिवाय एफएटी 32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाईल बसतच नाही, तीही अडचण टळते. ज्या अल्बममध्ये पाहुण्यांनी त्यांचे फोटो टाकलेत, ते आधी आपल्या लायब्ररीत जतन करा, नाहीतर ते या गठ्ठ्यात येतील असं धरून चालू नका.

सगळे तुकडे आले की ते एकाच फोल्डरमध्ये, एकत्र उघडायचे. हे महत्त्वाचं आहे, कारण फोटो एका तुकड्यात आणि त्याची माहिती दुसऱ्या तुकड्यात असू शकते. प्रत्येक फोटोसोबत जेसन नावाची एक छोटी फाईल दिसेल. कचरा समजून ती अनेक जण पुसतात. पुसू नका. कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख फोटोच्या आत असते आणि ती तशीच राहते. पण तुम्ही नंतर गुगल फोटोजमध्ये दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेली ओळ, जोडलेलं ठिकाण हे त्या जेसनमध्ये असतं. जुने फोटो स्कॅन करून ज्यांनी हातानं तारखा घातल्यात, त्यांची सगळी मेहनत त्या फाईलींत आहे. ती परत फोटोत घालायला एक्झिफटूल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरता येतं.

इथे एक खाच आहे. जेसनमधली वेळ आपल्या घड्याळाची नसते, जागतिक प्रमाणवेळेची असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. समजा 26 फेब्रुवारी 2025 च्या महाशिवरात्रीला नागऱ्याच्या मंदिरापुढची दर्शनाची रांग तुम्ही पहाटे साडेचारला टिपली. जेसनमध्ये त्या फोटोची वेळ 25 फेब्रुवारी, रात्रीचे अकरा अशी असेल. साडेपाच तास न मिळवता तीच तारीख फोटोत घातलीत, तर यात्रेचे पहाटेचे सगळे फोटो आदल्या दिवसाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतील आणि पुढच्या वर्षी शोधताना तुम्ही स्वतःलाच दोष द्याल. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तर कॅमेऱ्याची तारीख नसतेच. तिथे फाईलच्या नावातला आकडा हाच आधार, म्हणून ती नावं बदलू नका.

आयफोन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर फोनमध्ये फोटोची फक्त हलकी प्रत असते आणि मूळ फोटो आयक्लाउडमध्ये. केबल लावून कॉपी केलं की सगळं आलं, हा समज तिथे फसतो. मॅकवर मूळ फोटो उतरवून घेण्याचा पर्याय निवडा, विंडोजवर आयक्लाउडचं स्वतःचं ॲप घ्या. येणारे फोटो हेइक प्रकारचे असतील तर लॅबला पाठवण्यापुरती जेपीजी प्रत करा, मूळ तसंच ठेवा. वनड्राइव्हवाल्यांसाठीही तेच. फाईलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, नुसतं तिचं नाव आहे. फोल्डरवर उजवं क्लिक करून ती कायम या कॉम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय निवडल्यावरच ती खरी घरी येते.

आणि उतरवलं म्हणजे झालं असं नाही. क्लाउडमधली संख्या आणि फोल्डरमधली संख्या ताडून पाहा. प्रत्येक वर्षातले वीसेक फोटो पूर्ण आकारात उघडा, सुरुवातीचे, मधले, शेवटचे. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. साठवण वाचवण्याचा पर्याय तेव्हा चालू असेल तर 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होऊन गेलेले असतात, तेवढं आताच कळलेलं बरं, बारा बाय छत्तीसच्या पानावर छापताना नको. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत झाल्याशिवाय क्लाउडमधून काहीही पुसू नका. फोनवरच्या ॲपमधून पुसलं तर ते क्लाउडमधूनही जातं. गुगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप घेतलेला फोटो 60 दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये 30 दिवस, आणि मग कायमचा जातो.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आपल्या दुकानाला अजूनही पुरेसा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. ती दुसरी जागा खुशाल क्लाउड असू द्या. घरची डिस्क लेन्सप्रमाणेच हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात विजा किती पडतात ते सांगायला नको, तेव्हा काम झालं की डिस्क प्लगमधून काढा.

खात्याचंही तसंच. खातं मालकाच्या नावावर आणि मालकाच्या नंबरवर असावं. घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर त्याला जोडलेला असावा. पासवर्ड एका कागदावर लिहून, जिथे दुकानाचे कागदपत्र असतात तिथे ठेवावा. नागऱ्यातल्या त्या दुपारी आम्ही पहिलं काम हेच केलं, मग उतरवायला बसलो.

युरोपातल्या माणसाला आपली माहिती एका कंपनीकडून काढून दुसरीकडे नेण्याचा हक्क तिथल्या कायद्यानं 2018 पासून मिळाला आहे. आपल्याकडे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण हा हक्क त्यात नाही. टेकआउटसारखी सोय आज आहे, ती उद्या याच रूपात असेलच असं नाही. 31 मार्च 2025 पासून गुगल फोटोजची पूर्ण लायब्ररी वाचायची बाहेरच्या ॲपांची मुभा बंद झाली, आणि त्यांच्या भरवशावर आपोआप बॅकअप लावून बसलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. वाट खुली असताना चाललेलं बरं.

शेवटी प्रश्न पार्टीच्या विश्वासाचा आहे. लग्नात आपण नवरानवरीचे फोटो काढतो असं आपल्याला वाटतं. पण त्याच फ्रेमच्या कडेला आजी बसलेली असते, दाराशी मामाजी उभे असतात, जेवणाच्या पंगतीत एखादा भाऊ हसत असतो. काही वर्षांनी त्यातलं कुणीतरी जातं, आणि घरचे लोक आपल्या दारात येऊन विचारतात, त्यांचा एखादा चांगला फोटो आहे का? या प्रश्नाला "आहे" म्हणता यावं, एवढ्यासाठी तरी आपले फोटो आपल्या घरात असले पाहिजेत.

दिवाळी झाली की मंडईच्या जत्रा भरतील, कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्नं लागतील, आणि पहिल्या मुहूर्तापासून पुन्हा श्वास घ्यायला सवड मिळणार नाही. आता सवड आहे. हा अंक मिटवून आजच टेकआउटची मागणी नोंदवा, आणि खात्याला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय तेवढं आधी बघा.